फोल्डरची चित्रं काढणाऱ्या मुलाचं पुढे काय?

मिरजेहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि तेव्हापासून रात्र रात्र जागून फोल्डर, कचरापेटी, कॅल्क्युलेटर यांचे आयकॉन स्वतः काढतो, पडद्यावरच्या खिडक्यांचे (विंडोंचे) रंग बदलत बसतो. चाळीसेक आयकॉन झालेत, काही अनोळखी लोकांनी ते डाउनलोडही केलेत. वडिलांना इंजिनीअरिंग हवं आहे, मुलाला हेच करायचंय. ताई विचारतात, याला काही भवितव्य आहे की नुसता वेळ चाललाय?

ताई, सप्रेम नमस्कार.

वेळ वाया जात नाहीये, हे आधी सांगते. पण नुसत्या आयकॉनवर पोट भरणारी माणसं फार थोडी, हेही आजच सांगितलेलं बरं. बहुतेक ठिकाणी हे इंटरफेस डिझायनरच्या कामातलं एक काम असतं. अ‍ॅपची मांडणी, रंग, अक्षरं, बटणं आणि त्यातच आयकॉन. त्यामुळे मुलाला काय आवडतं यापेक्षा तो त्यात कुठवर पोचलाय, हे आधी बघूया.

लिनक्सवर असं काम बहुतेक जण इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात. ते फुकट आहे आणि एसव्हीजी हा वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांनी साठवलेल्या, चित्रांचा फॉरमॅट हाच त्याचा मूळ फॉरमॅट. वेक्टर चित्र कितीही मोठं केलं तरी फुटत नाही, म्हणून नवख्याला वाटतं, एकदा काढलं की झालं. खरी कसोटी लागते ती लहान करताना. मेनूत किंवा पॅनेलवर तोच आयकॉन १६ किंवा २२ पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या तेवढ्याच ठिपक्यांत, बसवायचा असतो. समजा, त्याने एक पिक्सेल जाडीची उभी रेघ पिक्सेलांच्या बरोबर सीमेवर ठेवली. जाडी दोन्हीकडे निम्मी निम्मी विभागते, शेजारचे दोन पिक्सेल अर्धवट रंगतात आणि काळी रेघ करडी, धुरकट दिसते. तीच अर्धा पिक्सेल सरकवली की लख्ख! शिवाय ४८ पिक्सेलच्या कॅल्क्युलेटरवर शोभणारी सगळी बटणं १६ मध्ये नुसती खरखर होतात. तिथे तीन-चारच ठेवून बाकीची काढून टाकावी लागतात. बाबांचा सदरा आखूड केला म्हणून बाळाच्या अंगाला बसत नाही, नव्यानेच बेतावा लागतो. डिझायनर सुझन केअर यांनी अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचे आयकॉन ३२ बाय ३२ चौकटींत, आलेखाच्या कागदावर घरं भरून आखले होते. घरं मोजण्याचं ते काम आजही कुणाला चुकलेलं नाही.

तेव्हा त्याला विचारा: लहान आकाराचे आयकॉन वेगळे काढलेस का? उत्तर 'हो' असेल, तर मुलगा छंदाच्या पुढे गेलाय असं मी समजेन.

दुसरी गोष्ट चिकाटीची. आयकॉन थीममध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरसाठीच्या आयकॉनच्या संचात, फायलींची नावं ठरलेली असतात, आकारांची फोल्डर असतात आणि त्यांची यादी 'इंडेक्स डॉट थीम' या फाइलमध्ये लिहावी लागते. जो आयकॉन नाही, तो 'इनहेरिट्स' या ओळीत नाव दिलेल्या थीममधून येतो, शेवटी 'हायकलर' या सगळ्यांच्या शेवटच्या आधाराच्या थीममधून. म्हणजे चाळीसच काढले तर बाकी ठिकाणी परकी चित्रं डोकावणारच. फोल्डर, कॅमेरा, गाणी हे सगळे हौसेने काढतात. प्रिंटरची चूक, नेटवर्क तुटलंय, आवाज बंद, असले कंटाळवाणे आयकॉन जो त्याच निगुतीने पूर्ण करतो, त्याचं काम मला विश्वासाचं वाटतं.

वडिलांना एक जरूर सांगा. खिडक्यांचे रंग बदलायला मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर सीएसएस, म्हणजे रंग-रूप ठरवणारा कोड, लिहावं लागतं आणि वेबसाइटचं रूपही सीएसएसनेच ठरतं. मुलगा कोडपासून पळत नाहीये.

आता शिक्षण. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस. ही डिझाइनची पदवी आहे. त्याला जेईई लागत नाही, यूसीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बारावीची कुठलीही शाखा चालते, परीक्षेत हाताने चित्र काढण्याचाही भाग असतो आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. (रुपयाचं चिन्ह काढणारे डी. उदयकुमार याच आयडीसीचे. वडिलांना एवढं पुरावं!) अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेचा रस्ताही चांगला आहे. जागा सगळीकडे थोड्या आहेत, म्हणून एकाच परीक्षेवर सगळी भिस्त ठेवू नका. इंजिनीअरिंगला गेला तरी दार बंद होत नाही. पदवीनंतर सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येतं. या वाटेचं मला मुळीच वाईट वाटत नाही. मात्र दोन्हीकडे बारावी पास व्हावी लागते, तेव्हा परीक्षा होईपर्यंत रात्रीची जागरणं बंद. रविवार त्याचा.

लायसन्सचं आत्ताच नीट करून घ्या. पॅपायरससारख्या तयार आयकॉन थीममधली चित्रं घेऊन बदलली असतील, तर ती जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहेत. मूळ कुणाचं ते लिहायचं आणि आपलं कामही त्याच अटींवर द्यायचं. पूर्ण स्वतःचं असेल तर लायसन्स त्याने निवडावं, पण फाइलसोबत ते लिहिलेलं हवंच. कंपन्यांचे लोगो स्वतःची निर्मिती म्हणून दाखवू नयेत. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

बारावीची परीक्षा झाली की त्याने चाळीसपैकी फक्त दहा आयकॉन निवडावेत, तेच १६, २२ आणि ४८ पिक्सेलमध्ये नव्याने काढावेत, आणि प्रत्येकात काय गाळलं, का गाळलं, ते दोन ओळींत मराठीत लिहावं. मला पाठवताना मोठं करून नको, पडद्यावर दिसतात तसाच स्क्रीनशॉट पाठवा. तो पाहून यूसीडच्या तयारीबद्दल मी त्याच्याशीच बोलेन.