घर एक, झोपेची घड्याळे वेगवेगळी

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमचे एकत्र कुटुंब आहे. माझे सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ७२ वर्षांचे आहेत. ते रात्री आठला झोपतात आणि पहाटे तीनला उठून घरात वावरू लागतात. मुलगा अकरावीत आहे. तो साडेबारापर्यंत जागतो आणि सकाळी सहाला हाका मारून मारून उठवावा लागतो. आबा त्याला आळशी म्हणतात, तर तो म्हणतो की आबांना झोपेची गोळी आणून द्या. यात चूक कोणाची?
(एक भगिनी, यावल तालुका)

उत्तर : आपण दिलेल्या वेळांचा हिशेब केला तर आबांची झोप सात तासांची भरते. पासष्टीनंतर सात ते आठ तास झोप पुरेशी मानली जाते आणि दुपारी जेवणानंतर ते थोडे आडवे होत असतील तर तीही त्यात धरायला हवी. म्हणजे आबांची झोप कमी झालेली नाही, ती फक्त अलीकडे सरकली आहे. उतारवयात गाढ झोपेचा भाग घटतो, झोप वरचेवर चाळवते आणि शरीराचे घड्याळ संध्याकाळ सरताच अंथरूण मागू लागते.

नातवाचे घड्याळ नेमके उलट दिशेने सरकले आहे. वयात येताना मेलाटोनिन हे रात्रीची वर्दी देणारे संप्रेरक तासा-दोन तासांनी उशिरा पाझरू लागते, त्यामुळे साडेनऊला दिवा मालवून पडले तरी डोळा लागत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि आपल्या मुलाच्या वाट्याला जेमतेम साडेपाच तास येतात. घरात झोपेची खरी उपासमार होत असेल तर ती त्याची होते आहे, म्हणून त्याला आळशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. (महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, हे चांगलेच झाले; पण ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकते ती आठवी ते बारावीची मुले त्या निर्णयाबाहेर राहिली.)

अर्थात सगळा दोष संप्रेरकाच्या माथी मारता येणार नाही. अंथरुणात मोबाइल असला की उशिराचा आणखी उशीर होतो, म्हणून रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून यावा, आणि हा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळावा. दिवसभर वाचलेले मनात पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेतच करतो, तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री जागणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे. रविवारी मात्र त्याला तासभर जास्त झोपू द्यावे. दुपारपर्यंत झोपला तर सोमवारची सकाळ आणखी जड जाते.

आबांना झोपेची गोळी देऊ नये. अशा गोळीच्या गुंगीत रात्री लघवीला उठलेला वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते, हे आम्ही नेहमी पाहतो. त्यापेक्षा त्यांनी संध्याकाळी ओट्यावर उजेडात बसावे, चार माणसांशी बोलावे, दुपारची झोप अर्ध्या तासात आवरावी आणि रात्री साडेनऊपर्यंत जागण्याची सवय हळूहळू करावी. लघवीसाठी त्यांना दोन-तीनदा उठावे लागत असेल तर प्रोस्टेट आणि साखर तपासून घ्यावी.

प्रश्न : मी केळी उत्पादक शेतकरी आहे, वय ४४. आमच्याकडे शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात व्हॉल्व्ह बदलत पहाटेपर्यंत शेतात जागतो. सकाळी घरी आल्यावर झोप लागत नाही आणि दिवसभर डोके जड राहते. हल्ली मी फार घोरतो, असे घरचे म्हणतात.
(एक वाचक, रावेर तालुका)

उत्तर : शरीराचे घड्याळ उजेडावर चालते आणि आठवड्याला फिरणारी पाळी त्याला अंगवळणी पडू देत नाही. घड्याळ दिवसाचेच राहते, आपण मात्र रात्री राबता. सलग १७ तास जागलेल्या माणसाची नजर आणि हात, १०० मिलिलीटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात. वाहन चालवणाऱ्यासाठी आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी सहाला उठलेला शेतकरी रात्री अकरालाच या अवस्थेला पोहोचतो, आणि त्यापुढे ओल्या हातांनी थ्री-फेज स्टार्टरची पेटी उघडतो, पहाटे चिखलाच्या बांधावरून मोटारसायकल काढतो. म्हणून पहिली सूचना अशी की रात्रीच्या आठवड्यात शेतावर जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड तास झोप काढावी, हात कोरडे केल्याशिवाय पेटीला शिवू नये आणि पहाटे डोळे मिटू लागले तर शेतातील खोलीत अर्धा तास पडून, पुरते जागे झाल्यावरच गाडीला किक मारावी. ऑटो-स्टार्टर बसवला असला तरी व्हॉल्व्हसाठी उठावेच लागते, हे मी जाणतो. दोन शेजाऱ्यांनी रात्री वाटून घेतल्या तर निम्मे जागरण वाचते.

रात्री दोननंतर चहा घेऊ नये, कारण त्यातील निम्मे कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अंगात असते. घरी येताच अंधाऱ्या खोलीत झोपावे. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर पत्र्याखाली ते उतरत नाही. घरात जुन्या धाब्याची खोली असेल तर ती आपल्यासाठी राखून ठेवण्यास सांगावे. सकाळी चार तास आणि संध्याकाळचे दीड तास अशी तुकड्यातुकड्यांची झोपही न झोपण्यापेक्षा पुष्कळ बरी.

घोरण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकल्यासारखा सुरू होतो का, हे पत्नीला पाहण्यास सांगा. तसे असेल तर डोके जड राहण्याचे कारण केवळ जागरण नसून झोपेत श्वास अडणे हेही असू शकते. या विकाराने रक्तदाब वाढतो, म्हणून रक्तदाब मोजून घ्या आणि छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे झोपेची तपासणी करून घ्या.

प्रश्न : माझे बाळ आठ महिन्यांचे आहे, रात्री दोनदा उठते. शेजारच्या काकू जायफळ उगाळून थोडे जास्त द्यायला सांगतात. द्यावे का?
(एक आई, भुसावळ)

उत्तर : देऊ नये. जास्त जायफळ बाळाला विषारी ठरू शकते आणि त्याने येते ती झोप नव्हे, गुंगी असते; अफूचे तर नावही काढू नये. या वयाला दिवसाच्या झोपा धरून १२ ते १६ तास झोप लागते आणि रात्री एक-दोनदा उठणे हे दुखणे नाही. बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवावे आणि रात्री पाजताना मोठा दिवा लावू नये. वजन नीट वाढत नसेल, किंवा बाळ झोपेत घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.