सकाळी ऑरगॅनिक, दुपारी फिजिकल, कसं करू?

प्रश्न: ताई नमस्कार. मी एस. वाय. बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री. टाइमटेबल लागलं आणि माझे हातपायच गळाले. सकाळी साडेदहा ते एक रेग्युलर ऑरगॅनिक आणि त्याच दिवशी अडीच ते पाच मागच्या वर्षीच्या फिजिकलचा बॅकलॉग!! ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन डोक्यात राहत नाहीत, सगळ्या एकमेकींत मिसळतात, आणि फिजिकलचे न्यूमेरिकल जमत नाहीत म्हणूनच तर तो विषय राहिला. दोन आठवडे आहेत, त्यात बाकीचे पेपर पण आहेतच. मैत्रिणी म्हणतात बॅकलॉग आता सोड, पुढच्या वेळी दे. आई म्हणते दोन्ही दे. बाबांना बॅकलॉगचं माहीतच नाहीये. रात्र रात्र जागून होईल का दोन्ही?
– एक वाचक, कराड

उत्तर: आईचं ऐक. फॉर्म भरलायस, फी भरलीयस, आता नाही बसलीस तर शून्य नक्की, आणि पुढच्या वेळी तोच विषय टी. वाय.च्या पेपरांच्या डोक्यावर येऊन बसेल, तेव्हा काय यापेक्षा मोकळी असणार आहेस का तू? मैत्रिणींना बोलायला काय जातंय. पण दोन्ही द्यायचे म्हणजे दोन्हीत सारखेच मार्क मिळवायचे असं नाही, इथेच बरेच जण फसतात. बॅकलॉगमध्ये तुला फक्त पास व्हायचंय, बहुतेक ठिकाणी ते चाळीस टक्क्यांवर होतं, शिवाय इंटर्नलचे जुने मार्क धरतात का ते आधी कॉलेजच्या एक्झाम सेक्शनमध्ये जाऊन विचार, धरत असतील तर तुझं निम्मं टेन्शन तिथेच संपेल. म्हणजे फिजिकलचा सगळा पोर्शन करायचाच नाही. इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्स हे दोन चॅप्टर तुझ्या सिलॅबसमध्ये असतील तर तेच घट्ट धर, कारण त्यातले न्यूमेरिकल ठरलेल्या साच्याचे असतात आणि साचा एकदा हातात बसला की मार्क येतातच.

उदाहरण सांगते. डॅनियल सेल घे. कॉपरचं पोटेन्शिअल +०.३४, झिंकचं −०.७६, वजा केलं की १.१० व्होल्ट. आता कॉपर आयनचं कॉन्सन्ट्रेशन ०.०१ मोलर आणि झिंकचं १ मोलर दिलं तर नर्न्स्टचं समीकरण (कॉन्सन्ट्रेशन बदललं की व्होल्टेज किती होतं ते सांगणारं) लावायचं, ०.०५९२ ला २ ने भागायचं, log १०० म्हणजे २, गुणाकार ०.०५९२, तो १.१० मधून वजा, आणि उत्तर १.०४ व्होल्ट. एवढंच आहे हे. मुलं चुकतात कुठे तर log च्या आत काय वर आणि काय खाली तिथे (झिंक वर, कॉपर खाली, जे तयार होतं ते वर), आणि २ ने भागायचं विसरतात. दुसरी चूक युनिटची. ΔG, म्हणजे फ्री एनर्जी, काढताना ९६५०० ने (फॅरेडे कॉन्स्टंट) गुणलं की उत्तर ज्यूलमध्ये येतं आणि पोरं तोच आकडा किलोज्यूल म्हणून लिहून मोकळी होतात. गॅसच्या गणितात R, म्हणजे गॅस कॉन्स्टंट, ८.३१४ घ्यायचा की ०.०८२१ हाही तसलाच घोळ. पहिल्यात उत्तर ज्यूलमध्ये, दुसऱ्यात लिटर-अॅटमॉस्फिअरमध्ये. रोज अशी चार-पाच गणितं, वहीत बघून नाही हं, कोऱ्या कागदावर.

आता ऑरगॅनिक. रिअॅक्शन मिसळतात कारण तू त्या पाठ करतेयस. कुठला बाँड तुटतो आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाण काढून बघ, मग अर्ध्या रिअॅक्शन पाठच कराव्या लागत नाहीत. एसएन टू आणि एसएन वन या एक गट जाऊन त्या जागी दुसरा येण्याच्या रिअॅक्शन घे. एसएन टू मध्ये न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, मागून येतो आणि वाऱ्याने छत्री उलटावी तसा कार्बन उलटतो, तिथे गर्दी नको म्हणून प्रायमरी हॅलाइडला हे सोपं जातं. एसएन वन मध्ये आधी कार्बोकॅटायन, म्हणजे प्लस चार्जचा कार्बन, बनतो म्हणून टर्शरी पुढे. आणि गंमत बघ, एसएन वनचा रेट फक्त सबस्ट्रेटवर, म्हणजे मूळ हॅलाइडवर, अवलंबून असतो, म्हणजे ती फर्स्ट ऑर्डर झाली, आणि फर्स्ट ऑर्डरचंच सूत्र, हाफ लाइफ ०.६९३ भागिले k, तुझ्या दुपारच्या पेपरात बसलंय. हे दोन टॉपिक एकाच संध्याकाळी कर, एकात घातलेला वेळ दुसऱ्यालाही लागतो. बाकी मात्र दोन विषय तासातासाने आलटून पालटून करत बसू नकोस, सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची.

रात्र जागायचं विचारलंस. नको. १९२४ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलला जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरं पाठ करून घेतली होती, पाठ करून झोपल्यावर जेवढं आठवलं त्यापेक्षा तेवढेच तास जागं राहून कमी आठवलं. त्यानंतर यावर खूप काम झालंय आणि रोख तोच आहे. तुला तर त्या दिवशी पाच तास लिहायचंय बाई, झोप न झालेल्या माणसाच्या हातून दुपारी चार वाजता log चं चिन्ह उलटं पडणारच.

आदल्या दिवसाचं सांगते, आणि हे जरा उलटं वाटेल. आदल्या दिवशी सकाळी फिजिकल संपव, दुपारच्या पेपरची तयारी तिथेच बंद, सूत्रांचा एकच कागद काढून ठेव. संध्याकाळ ऑरगॅनिकची. दहाला झोप. कारण मधल्या दीड तासात नवीन काही शिकता येत नाही, तो वेळ शिकायचा म्हणून धरलास की पेपर देताना पण मन तिकडेच पळतं.

त्या दीड तासात पहिलं काम म्हणजे गेटवरच्या घोळक्यात थांबायचं नाही. प्रश्न तीनचा बी तू काय लिहिलास, अगं ते रॅसेमिक येणार होतं ना, हे एकदा सुरू झालं की फिजिकल गेलाच समज. सरळ एखाद्या रिकाम्या वर्गात जा. डबा घरचा, पोळी-भाजी, थोडंच खा, वडापाव-मिसळ पाच वाजल्यानंतर. उन्हाळ्याचे दिवस आहेत, पाणी पीत राहा. मग वीस मिनिटं डोळे मिटून बस, शेवटची वीस मिनिटं तो सूत्रांचा कागद. पुस्तक बॅगेतून काढायचंच नाही.

आणि एक साधी गोष्ट जी भलतीच महागात पडते: बॅकलॉगचं हॉल तिकीट आणि सीट नंबर बऱ्याचदा वेगळा असतो, ब्लॉक पण वेगळा, कधी कधी बिल्डिंगच वेगळी. आदल्या दिवशी जाऊन बघून ये. सकाळचा नंबर सवयीने दुपारच्या उत्तरपत्रिकेवर टाकणारी मुलं असतात, लिहायच्या आधी हॉल तिकीट समोर ठेव. कॅल्क्युलेटर साधा सायंटिफिक, प्रोग्रॅमेबल नको, तो आत चालतो की लॉग टेबल वापरायचं तेही विचारून ठेव.

बाबांचं. सांगून टाक, आणि पेपरच्या आधी सांग, आईला बरोबर घेऊन. रागावतील एक संध्याकाळ. पण त्या दिवशी तू साडेपाचपर्यंत घरी येणार नाहीयेस, तेव्हा काय कारण सांगणार होतीस?

प्रश्न: माझ्या मुलाचे दोन पेपर एकाच दिवशी नाही तर एकाच वेळेला आलेत, एक रेग्युलर आणि एक बॅकलॉग. काय करायचं?
– एक पालक, लातूर

उत्तर: हे अभ्यासाचं काम नाही, ऑफिसचं आहे. आजच दोन्ही हॉल तिकिटांच्या झेरॉक्स आणि टाइमटेबल जोडून लेखी अर्ज द्या, कॉलेजमार्फत युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागाला, आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून आलात तर कुणालाच आठवणार नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी गेलात तर मग काहीच हातात राहत नाही.