आर्चीने आईला फोन का केला?

*प्रिय माई,*

*वय २८, राहणार हर्णै. घरची बोट आहे. १ जूनपासून मासेमारीला बंदी, ती ३१ जुलैपर्यंत. बोट शाकारून झाली, जाळी शिवून झाली, आता नुसता पाऊस बघतोय. मे महिन्यात साखरपुडा झाला. मुलगी चिपळूणची, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. तिनेच सुचवलं, दर शनिवारी आपापल्या घरी दोघांनी एकच पिक्चर बघायचा आणि मग त्यावर बोलायचं. निवड तिची, म्हणजे लव्ह स्टोऱ्याच. मी काही शौकीन नाही, पण बघतो आणि वाटलं ते सांगतो. दहापैकी मार्कही देतो. दिलवाले दुल्हनियाला ५, लंचबॉक्सला ६, सैराटला ८. चौथ्या शनिवारी 'थ्री ऑफ अस' बघितला, त्याला ४ दिले. तेव्हा तिने विचारलं, 'तू असतास तर गेला असतास तिच्याबरोबर?' मी गमतीत लिहिलं, 'मी लॉजवर झोपलो असतो.' त्यानंतर चार दिवस नुसतं 'हं' आणि 'जेवलास का'. काल मेसेज आला, 'तुला भावनाच नाहीत.' आई म्हणते बायकांच्या पिक्चरला नावं ठेवू नयेत, आवडला म्हणावं आणि मोकळं व्हावं. खोटं बोलू का?*

*— हर्णैचा एक वाचक*

बाबू रे,

खोटं बोलू नकोस, ते आधी सांगते. एकदा 'आवडला' म्हटलास की जन्मभर तसलेच पिक्चर बघावे लागतील, आणि दर वेळी शेवटी डोळे पुसल्याचं नाटक करावं लागेल. तुझ्या आईचा सल्ला प्रेमाचा आहे, पण पाळू नकोस.

दुसरं म्हणजे, तुझी मतं मला आवडली. जागेअभावी वर ती सगळी छापता आली नाहीत, पण तू चार पानं लिहिलीयस आणि त्यातली तीन पिक्चरचीच आहेत. दिलवाले १९९५ सालचा. तेव्हापासून लोक त्याच्यावर जीव टाकतायत, आणि तू लिहितोस, 'तिची आई स्वतः दागिने हातात देऊन पळा म्हणते आणि हा तत्त्व सांगत बसतो. शेवटी बापाने हात सोडला म्हणून जमलं, नाहीतर गाडी गेलीच होती.' वाचून मी एकटीच हसले. आम्ही तो थिएटरात बघितला होता. शेवटी मी पदराने डोळे पुसत होते आणि आमचे हे कानाशी येऊन विचारतात, 'पंप बंद केलास ना गो?' मी दोन दिवस बोलले नाही. पंप चालूच राहिला होता, ते जाऊ दे.

लंचबॉक्सबद्दलही तुझं म्हणणं रास्त आहे. डबेवाल्यांच्या हातून रोज तीच चूक होईल कशी? त्या पिक्चरमधला डबेवालाही हेच म्हणतो, आमच्याकडून चूक होतच नाही. आणि तो इरफान खान हॉटेलात येतो, तिला लांबून बघतो आणि न भेटताच परत जातो, त्याला तू सरळ 'बावळट' लिहिलंयस. मी तसं म्हटलं नसतं, पण तुझा राग कळला.

आता सैराट. आठ मार्क दिलेस आणि लिहिलंस, 'गाणी संपल्यावर पिक्चर सुरू झाला.' हैदराबादची ती झोपडपट्टी, ती बाटल्यांच्या कारखान्यात, तो डोशाच्या तव्यावर, मग संशय, भांडण, तिचं निघून जाणं आणि परत येणं. संसार कसा लागतो ते त्या अर्ध्या भागात आहे, हे तुला दिसलं. चांगलं बघतोस तू. पण त्याच्याच खाली एक ओळ आहे: 'एवढं लपून राहायचं होतं तर तिने घरी फोन कशाला केला?'

ही ओळ मी दोनदा वाचली. तिलाही पाठवली होतीस का? पाठवली असणारच.

अरे, आर्चीने आईला फोन का केला हा प्रश्न मुलग्यालाच पडू शकतो. तू जन्मलास हर्णैला, मासे हर्णैच्या बंदरात उतरवतोस, उद्या लग्न झालं तरी झोपशील त्याच खोलीत. फार तर रंग काढाल नवा. ती मात्र बॅग भरून येणार. सकाळी उठल्यावर चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे हे तिला विचारावं लागणार, तेही सासूला. आईला फोन कशाला करायचा ते तिला आत्ताच कळतंय. तू त्याला चूक म्हणालास. पिक्चरमध्ये त्या फोनची किंमत फार भयंकर मोजावी लागते, म्हणून हिशेबाने तुझं बरोबरच आहे. पण तिने ते वाचलं तेव्हा तिच्या डोळ्यापुढे नोव्हेंबर असेल. आठ मार्क तिने बघितलेसुद्धा नसतील.

तुझी तिन्ही मतं परत वाच. राजने पळायला हवं होतं. इरफानने पुढे होऊन बोलायला हवं होतं. परश्याने सांभाळून राहायला हवं होतं. प्रत्येक वेळी पुरुषाने काय करायला हवं होतं एवढंच. सिमरनला काय हवं होतं? तिला त्या पिक्चरमध्ये धड कोणी विचारत नाही, आणि तूही विचारलं नाहीस. फक्त आर्चीबद्दल बोललास, तेही चूक काढायला.

आणि तुमचं जमलं कसं, ते आठव. पत्रिका बघितल्या, पोहे झाले, तुझे काका नि तिचे मामा बोलले, सुपारी फुटली. तिला वेगळं बसवून कोणी काही विचारलं असेल तर चांगलंच, पण तुझ्या पत्रात तसं काही नाही. मग तिने हा शनिवारचा बेत काढला. लंचबॉक्समध्ये डब्यात पहिली चिठ्ठी कोण घालतं? ती इला. तसंच आहे हे. समोर बसून बोलायला जड जातं, म्हणून ती पिक्चर पाठवते. तिच्या चिठ्ठीला तू उत्तर म्हणून मार्क पाठवत होतास.

आता चौथा शनिवार. त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचा हक्क आहे, कारण तो पिक्चर आमच्या वेंगुर्ल्यात घडतो. शेफाली शहाची ती बाई मुंबईची, विसरत चाललीय. स्मृती जायला लागलीय, पुरती जायच्या आत लहानपणीचं गाव एकदा बघायचंय. गावात शाळेतला तो मुलगा आहे, आता बापई झालेला, बँकेत, बायको-मुलींचा. आणि सोबत नवरा आहे, स्वानंद किरकिरे. बहुतेक लोक त्या दोघांकडे बघतात. हा तिसरा बाजूला उभा असतो. त्याला काही वाटत नाही असं नव्हे, चेहऱ्यावर दिसतं ना. पण बायकोला थांबव म्हणत नाही, आणि तिला एकटी सोडून मुंबईलाही जात नाही.

तिने नेमकं त्याच्याबद्दल विचारलं. 'तू असतास तर गेला असतास?' तू म्हणालास लॉजवर झोपलो असतो.

मेल्या, गप रवाक काय झाला होता?

हे वाचून तुझ्या डोक्यात भलतंच येईल म्हणून आधीच सांगते, चिपळुणात तिचा कोणी शाळेतला मुलगा आहे का ते शोधायला जाऊ नकोस. असेलही, नसेलही. प्रश्न त्याचा नाही. आजारी पडले तर सोबत येशील का, माझं जे तुझ्याशिवायचं आहे, माझी शाळा, माझी आई, माझ्या मैत्रिणी, ते बघायला येशील का, असं काहीतरी तिला विचारायचं असेल. मला खात्रीने माहीत नाही. माहीत फक्त तिला आहे, म्हणून तिलाच विचार.

मेसेजवर नको. फोन कर. 'गंमत केली होती' म्हणून सुरुवात करू नकोस, त्याने ती आणखी चिडेल. एवढंच म्हण, 'तू विचारलंस ते पिक्चरबद्दल नव्हतं ना?' आणि गप्प बस. ती लगेच बोलणार नाही. पलीकडे पागोळ्यांचा आवाज येईल, कोणीतरी तिला हाक मारेल, ती 'आले गं' म्हणेल. तू फोन धरून राहा. जाळ्यात काही लागेपर्यंत तासन् तास बसता ना तुम्ही लोक, तसाच.

रडली तर 'रडू नकोस' म्हणू नकोस. रागावली तर ऐक. आणि 'तुला भावनाच नाहीत' याच्यावर वाद घालू नकोस. नसत्या तर वेंगुर्ल्याच्या म्हातारीला चार पानं लिहिली नसतीस.

पुढच्या शनिवारी पिक्चर तू निवड. तिलाच का नेहमी? लव्ह स्टोरी नसली तरी चालेल, मारामारीचा असला तरी चालेल, पण तो तुला का आवडतो ते तिला सांग. तिचं मत आधी घे. ती बोलून झाली की मग तुझं. मार्क द्यायचेच असतील तर तिलाही देऊ देत, बघू किती देते.

हे सगळं जुलैतच उरक. १ ऑगस्टला बोट लोटलीस की रेंज गेली, आणि मग ती 'जेवलास का' विचारील ते तुला दोन दिवसांनी दिसेल. नारळी पौर्णिमेला तिच्या घरच्यांना हर्णैला बोलवता आलं तर बोलवा. लग्नाआधी घर बघून ठेवू दे तिला, चहाच्या डब्यासकट.

तुझी,
माई

ता. क. थ्री ऑफ असला ४? एकदा परत बघ. या वेळी फक्त नवऱ्याकडे बघ, आणि मला मार्क कळव.