सोमवारची कोरी पानं

“मॅडम, बारावीला ८० च्या वर टक्के होते. इथं वर्गात बसलो की काहीच डोक्यात शिरत नाही. माझी साइडच चुकली का?”

मी समुपदेशक. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. इथला मुलगा अशी अनेक मुलं मिळून उभा केलेला आहे, कुणा एकाची ओळख पटू नये म्हणून. सटाण्याकडचा, घरी कांदा आणि डाळिंब, घरात बोलायला अहिराणी, नाशिकला हॉस्टेलवर. प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत झाला, त्यामुळे तो आला तेव्हा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे उलटले होते.

“साइड चुकली का” याचं उत्तर पहिल्या भेटीत कुणीच देऊ नये, ना समुपदेशकानं, ना वडिलांनी, ना वरच्या वर्गातल्या दादानं. आधी वह्या बघाव्यात. याच्या एम-वनच्या (पहिल्या सत्राच्या गणिताच्या) वहीत पहिल्या पानावर नाव, ब्रँच, रोल नंबर, खाली लाल शाईची रेघ. अक्षर मोत्यासारखं. पण मध्येमध्ये दोन-दोन पानं कोरी, कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख आणि दोन शब्द: ‘नंतर उतरवणे’. त्या तारखा कॅलेंडरवर लावल्या, तर सगळे सोमवार निघाले.

शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की तो नाशिकच्या ठक्कर बाजार बसस्थानकावर एसटी पकडायचा. सटाण्यापर्यंत अडीच-तीन तास, पुढे गावापर्यंत मिळेल ते वाहन. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून जेवण घरीच आणि परतीची बस सोमवारी पहाटेची. नाशिकला पोचेपर्यंत पहिलं लेक्चर संपलेलं, आणि ते नेमकं एम-वनचं. सर नवा भाग सोमवारी सुरू करायचे. पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, एक चल स्थिर धरून दुसऱ्यानं डिफरन्शिएट कसं करायचं, हे सोमवारी झालं. मंगळवारी फळ्यावर थेट ऑयलरचं प्रमेय. ज्याचा सोमवार बुडाला, त्याला मंगळवार कळणार कसा? हजेरीचा हिशेबही तिथंच बिघडत होता. आठवड्याला तीन लेक्चर, त्यातलं एक बुडालं की विषयाची हजेरी ६६ टक्क्यांवर येते. लागते ७५.

बारावीपर्यंत त्याच्या अभ्यासाला बाहेरून टेकू होता. क्लासवाले नोट्स द्यायचे, रविवारी टेस्ट घ्यायचे, गैरहजर राहिलं की घरी मेसेज जायचा. कॉलेजात डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागेपर्यंत कुणी विचारत नाही. टेकू निघाला, याला मुलं ‘माझी बुद्धीच कमी पडते’ असं नाव देतात, आणि ते ऐकताना जीव तुटतो.

म्हणून पहिलं काम एका कागदाचं. मागच्या सात दिवसांचे १६८ तास, तासागणिक, जसे गेले तसे. टाइमटेबल नको, झालेलं लिहायचं. याच्या कागदावर झोप रात्री दोननंतर होती, सोमवारी सकाळचा नाश्ता कुठंच नव्हता, आणि आईचे फोन दिवसाला पाच.

गावी जाणं एकदम बंद करायचं नाही. आम्ही समुपदेशक ही चूक वारंवार पाहतो: मुलगा निर्धार करतो, दहा-बारा दिवस काढतो, आणि एका संध्याकाळी बॅग भरून कायमचाच निघतो. याच्यासाठी पहिले दोन आठवडे फक्त परतीची बस बदलली, सोमवार पहाटेऐवजी रविवार दुपारी तीनची. त्या रात्रीसाठी घरून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या आठवड्यापासून एकाआड एक शनिवारी गावी जाणं. आईचा फोन रात्री नऊला, वीस मिनिटं. दिवेलागणीला फोन आला की मुलांना घर जास्त आठवतं, म्हणून वेळ जेवणानंतरची. “जेवलास का” एवढंच विचारण्याऐवजी “आज काय शिकवलं” हेही विचारा, असं आईला सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला त्यातलं काय समजतं?” समजायला नकोच, त्यानं सांगितलं म्हणजे झालं.

राहिलेल्या अभ्यासाचं मात्र बहुतेकांचं गणित चुकतं. मुलं ठरवतात की रविवारी बसून पहिल्या धड्यापासून सगळं भरून काढू. तिकडे मागचं भरेपर्यंत इकडे पुढचं मागे पडतं. उलट दिशेनं यायला हवं. आज जे शिकवलं ते आजच सोडवायचं, अडलं तर त्यासाठी मागचं जेवढं लागेल तेवढंच वाचायचं. रोज ४० मिनिटं, जास्त नाही. याला पार्शल डिफरन्शिएशनसाठी मागच्या पाठातले फक्त डेरिव्हेटिव्हचे नियम लागले, चेन रूलसकट. तीन दिवसांत झालं.

सरांकडे जाताना “मला काहीच कळत नाही” म्हणायचं नाही, कारण त्याला सरांकडेही उत्तर नसतं. एक गणित सोडवत न्यायचं आणि बोट ठेवायचं: “इथपर्यंत आलं सर, पुढं अडलं.” प्रॅक्टिकलची बॅच लहान असते, तिथं विचारणं वर्गापेक्षा सोपं जातं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी प्रत्येक लेक्चरमधले पाच शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून त्याच संध्याकाळी अर्थ पाहावा. निम्मी भीती शब्दांची असते.

साइड बदलण्याचा विचार त्याला सोडायला सांगितलं नाही. एक तारीख लिहून घेतली, सत्रातल्या पहिल्या परीक्षेच्या निकालाची. तोवर निर्णय नाही, त्या दिवशी मोकळेपणानं. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारावं, कारण प्रवेश रद्द केल्यावर किती फी परत मिळते हे तारखेवर ठरतं.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. दोन आठवडे रोज उदास वाटणं, जेवण-झोप तुटणं, अंघोळीचाही कंटाळा, ‘मी नसलो तर बरं’ असं बोलणं, हा रुळण्याचा भाग नाही. तिथं वेळापत्रक पुरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बोलणं निघालं तर त्या मुलाला एकटं सोडू नये, रूम पार्टनरनं रेक्टरना लगेच उठवावं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

याची परीक्षा झाली. एम-वनमध्ये ३० पैकी १३ मिळाले, ग्राफिक्समध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगमध्ये, अजून हात बसत नाही. तो राहिलाय. आता दिवाळीची सुट्टी येतेय आणि सोमवारची सवय तिथं पुन्हा डोकं वर काढते. म्हणून जाण्याआधीच कॉलेज उघडण्याच्या आदल्या दुपारची बस ठरवायची, आणि आरक्षण मिळत असेल तर ते याच आठवड्यात करून ठेवायचं. भाऊबीजेच्या गर्दीत उभं राहून यावं लागलं की मुलं “एक दिवस उशिरा निघू” म्हणतात.