फ्रिजचा वॉटर फिल्टर: आधी पाणी पाहा, मग पार्ट नंबर

नमस्कार. इंदूरच्या सुदामानगरमधून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: फिल्टरचा दिवा लाल झाला आहे आणि दारातल्या नळाची धारही बारीक झाली आहे, तर नवा फिल्टर बसवल्यावर ती सुधारेल का, कंपनीच्या फिल्टरच्या निम्म्या किमतीत ऑनलाइन मिळणारा ‘तसाच’ फिल्टर घ्यावा का, आणि घरात आरओ असताना हा फिल्टर हवाच कशाला. आमच्याकडे लोकमान्यनगरात असा फ्रिज नऊ वर्षांपासून आहे आणि या तिन्ही बाबतींत मी आधी चुकून, पैसे घालवून मगच शहाणा झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे उत्तर नळजोडणी असलेल्या फ्रिजपुरतेच आहे. ज्या फ्रिजच्या दारातील टाकीत आपण हाताने पाणी भरतो, त्यात दाबावर चालणारा फिल्टर सहसा नसतोच.

आधी धारेविषयी. लाल दिव्याचा आणि बारीक धारेचा संबंध आपण मनाने जोडतो, पण बहुतेक फ्रिजमधला तो दिवा पाणी तपासत नाही, तो फक्त महिने किंवा लिटर मोजतो. धार बारीक होण्याचे कारण फिल्टर तुंबणे हे असू शकते, तसेच मुळात दाब कमी असणे हेही असू शकते, आणि आपल्या इंदूरच्या घरांत दुसरी शक्यता मोठी आहे. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, ते हौदात साठते, मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून स्वयंपाकघरात उतरते. म्हणजे फ्रिजला मिळणारा दाब हा केवळ टाकीच्या उंचीचा असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १४ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) भरतो, आणि बऱ्याच फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत किमान २० पीएसआय मागितलेले असतात. दुमजली घरात तळमजल्यावर फ्रिज असला तरी हा हिशेब जुळत नाही, मग वरच्या मजल्यावर तर विचारायलाच नको.

याची परीक्षा सोपी आहे. फ्रिजबरोबर आलेले बायपासचे बूच, म्हणजे फिल्टरशिवाय पाणी सरळ पुढे जाऊ देणारे झाकण, फिल्टरच्या जागी बसवा आणि एक ग्लास भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. आमच्याकडे फिल्टर असताना पाव लिटरच्या ग्लासाला २५ सेकंद लागत होते आणि बूच लावल्यावर २२. म्हणजे फिल्टर बिचारा निर्दोष होता आणि मी त्याच्या जागी नवा आणून बसवला होता! पुढे छोटा प्रेशर पंप बसवल्यावर तोच ग्लास सात-आठ सेकंदांत भरू लागला. तुमच्याकडे बूच लावल्यावर वेळ निम्म्याहून कमी झाला, तर फिल्टर खरोखर तुंबला आहे असे खुशाल समजा.

तुंबण्याचे कारणही पाहून ठेवावे. इंदूरचे पाणी १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून येते. ते तिथे शुद्ध करूनच पाठवतात, पण आपला हौद आणि गच्चीवरची टाकी आपणच घासायची असते. उन्हाळ्यात नर्मदेचे पाणी पुरेना झाले की त्याच हौदात बोअरिंगचे पाणी सोडण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि त्याबरोबर बारीक रेती व गाळ येतो. फ्रिजच्या फिल्टरने तो गाळ अडवावा ही अपेक्षा म्हणजे चहाच्या गाळणीने गहू चाळण्यासारखे आहे. फ्रिजच्या आधी पाच मायक्रॉनची कँडल असलेला साधा प्री-फिल्टर लावावा. ती कँडल तीन महिन्यांत तपकिरी झालेली दिसते, आणि तेवढा गाळ महागड्या फिल्टरमध्ये गेला नाही याचे समाधान मिळते.

आता या फिल्टरचे खरे काम. आत दाबून बसवलेला सक्रिय कोळसा असतो. तो क्लोरीन, वास आणि चव यांवर उत्तम काम करतो, आणि चांगल्या प्रतीचा असेल तर शिसे व काही सूक्ष्म परजीवींचे कोषही (सिस्ट) अडवतो. पाण्याचा जडपणा आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मात्र तो कमी करत नाही. आमच्या मीटरवर नर्मदेचे पाणी २१० च्या आसपास आणि बोअरिंगचे ८०० च्या वर दाखवते. फिल्टरमधून गेल्यावरही आकडे तेच राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, तेव्हा बोअरिंगचे पाणी पिणाऱ्यांनी फ्रिजच्या फिल्टरवर भिस्त ठेवू नये. तसेच जंतुदोषाची शंका असलेले पाणी या फिल्टरने निर्धोक होत नाही, ते उकळावेच लागते.

निवड करताना फ्रिजचे मॉडेल नव्हे, तर जुन्या फिल्टरवर छापलेला पार्ट नंबर पाहावा. एकाच कंपनीचे फिल्टरही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एलजीचे एलटी७००पी आणि एलटी१०००पी हे वेगळे आहेत. त्यानंतर एनएसएफ या अमेरिकी प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र पाहावे: ४२ क्रमांकाचे मानक चव, वास आणि क्लोरीनसाठी, ५३ शिशासारख्या आरोग्याला अपायकारक घटकांसाठी आणि ४०१ औषधांचे अंश वगैरेंसाठी आहे. इथे एक मेख आहे. काही स्वस्त फिल्टरांना ४२ मिळालेले असते ते फक्त साहित्य सुरक्षित आहे आणि कवच दाब सोसते एवढ्यापुरते, क्लोरीन कमी करण्यासाठी नव्हे. म्हणून नुसता शिक्का न पाहता नेमके कोणते घटक किती टक्के कमी होतात याची यादी मागावी. ती नसेल तर वस्तू सोडून द्यावी.

दुसऱ्या कंपनीचा, पण अशी यादी देणारा फिल्टर घेण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती कंपनीचेच नाव छापलेल्या नकली मालाला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी असा फिल्टर निम्म्या किमतीत घेतला होता. बसताना नेहमीसारखा ‘टक’ आवाज आला नाही, तरी मी दुर्लक्ष केले, आणि सकाळी भाजीच्या कप्प्यात दोन बोटे पाणी होते. मेथीची जुडी त्यात तरंगत होती.

आरओविषयी: आरओचे पाणी फ्रिजला द्यायचे असेल तर फिल्टर काढून बायपास बूच लावणेच योग्य, कारण आरओत कोळशाचा टप्पा आधीच असतो. मात्र आपल्याकडील भिंतीवरच्या आरओची टाकी दाबाची नसते, तिचे पाणी केवळ उतारावर वाहते, आणि त्यावर फ्रिजची झडप नीट उघडत नाही. त्यासाठी वेगळी प्रेशर टाकी आणि पंप लागतो. तुमचे पाणी बहुतांशी नर्मदेचे असेल, तर एवढा खटाटोप न करता प्री-फिल्टर आणि फ्रिजचा फिल्टर हीच जोडी मला पुरेशी वाटते.

बदलण्याची मुदत सहा महिने सांगतात, पण पुष्कळ फिल्टरांची क्षमता सुमारे ७५० लिटर असते. मे महिन्यात पाच माणसांच्या घरात रोज आठ लिटर पाणी निघाले, तर ती तीन महिन्यांतच संपते. उलट पाणी कमी वापरले तरी सहा महिन्यांपुढे ओढू नये: कोळशाने क्लोरीन काढलेले पाणी आत साचून राहिले की जंतूंना रान मोकळे मिळते. दिवाळीत गावी जाऊन आलात तर पहिले दोन-तीन लिटर पाणी सोडून द्यावे.

बदलताना बर्फाचे यंत्र बंद करा, फ्रिजमागची तोटी बंद करा आणि खाली जुना टॉवेल ठेवा; वाटीभर पाणी सांडतेच. जुना फिल्टर पाव फेरा उलटा फिरवून काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबरच आली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहा. ती आतच चिकटून राहिली आणि वर नवी रिंग बसली की गळती ठरलेली. नव्या रिंगला फक्त पाण्याचे बोट लावा, तेल किंवा व्हॅसलीन नको. मागच्या बाजूला नळीत जोडायचा फिल्टर असेल तर त्यावरचा बाण पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवा. मग दहा-बारा लिटर पाणी काढा: आधी कोळशाच्या भुकटीने काळसर येते, नंतर हवेमुळे दुधाळ, दुधाळपणा ग्लासात तळाकडून वर निवळत जातो, त्याची चिंता नको. ते पाणी आमच्याकडे कुंड्यांना जाते. पहिल्या दिवसाचा बर्फ टाकून द्या, रीसेटचे बटण तीन सेकंद किंवा पुस्तिकेत सांगितले असेल तितका वेळ दाबा, आणि रात्री झोपण्यापूर्वी फिल्टरखाली वर्तमानपत्राची कोरडी घडी ठेवा. सकाळी ती कोरडी निघाली, तर मार्करने फिल्टरवर तारीख लिहा.