४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर झेडरॅम लावावं की डिस्कवरचा स्वॅप वाढवावा? आकार किती ठेवू?

झेडरॅम लावा, आजच लावा. स्वॅप म्हणजे रॅम भरली की लिनक्स मागे पडलेला डेटा जिथे हलवतं ती जागा, एरवी डिस्कवर असते; झेडरॅम म्हणजे तीच जागा रॅममध्ये, डेटा कॉम्प्रेस करून (दाबून) ठेवणारी. याच विषयावरून माझं आणि मोठ्या भावाचं दोन महिने वाजलं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

माझी रॅमही ४ जीबीच, बोर्डावर सोल्डर केलेली, वाढवायची सोय नाही. आत फिरती हार्डडिस्क. "स्वॅपमुळेच मशीन रखडतं" म्हणून दादाने स्वॅप बंद करायला लावला. प्रकल्प अहवाल द्यायच्या आदल्या रात्री ब्राउझरचे दहा-बारा टॅब आणि लिब्रेऑफिसमध्ये नव्वद पानांची फाइल उघडी होती. माउसचा बाण जागीच थिजला. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबून नुसता पेटलेला. पंधरा मिनिटं वाट पाहिली, शेवटी बटण दाबून बंद केला. चार पानं गेली.

मग मी झेडरॅम लावलं. दादा म्हणाला, "रॅममधलं रॅममध्येच ठेवणार? या खिशातलं त्या खिशात! वर ४ जीबी त्यालाच दिलीस तर उरलं काय?" अहो, तो आकार म्हणजे फक्त वरची मर्यादा, तेवढी रॅम आधी अडवली जात नाही. पेज (मेमरीचे छोटे तुकडे) आत जातात तशी जागा लागते, तीही कॉम्प्रेस होऊन. झेडरॅमची स्थिती दाखवणारी झेडरॅमसीटीएल ही कमांड चालवून दाखवलं: डेटाच्या रकान्यात (मूळ डेटा) १.६ जीबी, टोटलच्या रकान्यात (प्रत्यक्ष लागलेली रॅम) ५२० एमबी. सीपीयूवर ताण येतो म्हणाल, तर ४ केबीचं एक पेज उलगडायला मायक्रोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून आणायला मिलिसेकंद. फेडोरा या लिनक्सने २०२० मध्ये ३३व्या आवृत्तीपासून हे सरसकट चालू केलंय, ते उगाच नाही.

आकार रॅमइतका, कॉम्प्रेस करायचा अल्गोरिदम झेडएसटीडी. स्वॅपीनेस, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) स्वॅपकडे किती झुकायचं तो आकडा, १००च्या वर न्या (कर्नल ५.८पासून २००पर्यंत चालतं); पेज-क्लस्टर, म्हणजे स्वॅपमधून एका वेळी किती पेज आणायची ती सेटिंग, शून्य. तुमच्या लिनक्सवर सिस्टमडी (सेवा सुरू करणारी यंत्रणा) असेल तर झेडरॅम-जनरेटर हे पॅकेज टाका, तीन ओळींच्या फाइलमध्ये काम होतं.

हां, डिस्कवरचा स्वॅप असेल तर काढू नका, प्रायॉरिटी कमी ठेवा. हायबरनेट करायला (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करायला) तोच लागतो. झेडस्वॅप (स्वॅपकडे जाणारी पेज आधी रॅममध्येच दाबून ठेवणारी कर्नलमधली वेगळी सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर पेज झेडरॅमपर्यंत पोचायच्या आधी तोच अडवतो. आणि आधीच कॉम्प्रेस्ड असलेला डेटा आणखी दबत नाही, तिथे फार फायदा धरू नका.

पण स्वॅप पूर्ण बंद करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दादा अजून तेच म्हणतो. स्वॅप नसला की कर्नल चालू प्रोग्रॅमचा कोडच रॅममधून काढतो आणि लगेच डिस्कवरून परत वाचतो, पुन्हा काढतो, पुन्हा वाचतो. त्या रात्री स्वॅप बंद असूनही दिवा पेटलेला होता तो यामुळे.