लव, केस, रोम आणि अंगावरचा काटा

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे : हातापायांवर असतात ते केस, लव की रोम? ‘लोम’ हा वेगळा शब्द आहे का? थंडीत येतो त्याला काटा म्हणावं की रोमांच? आणि मुळात अंगावर हे सगळं कशासाठी असतं?

‘उत्क्रांतीत माणसाच्या अंगावरचे केस गेले’ असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर आपल्या त्वचेवर सुमारे ५० लाख रोमकूप, म्हणजे केस उगवतात त्या कातडीतल्या खळग्या, असतात, आणि त्यांतले जेमतेम लाखभर डोक्यावर. दाटीच्या बाबतीत आपण चिंपँझीपेक्षा फार वेगळे नाही. केस गेले नाहीत, त्यांची लव झाली. लव म्हणजे साधारण ०.०३ मिलिमीटरपेक्षा बारीक, बहुधा दोनेक मिलिमीटरच लांब आणि जवळपास बिनरंगी. केस जाड, रंगीत आणि खोल मुळाचा. गंमत अशी की दोन्ही एकाच रोमकूपातून येतात. वयात येताना संप्रेरकांमुळे ओठावरची लव काळी आणि राठ होऊ लागते, आणि नेमक्या त्या टप्प्याला मराठीत ‘मिसरूड फुटणं’ म्हणतात. टकलावर उलट घडतं : तिथल्या केसांची हळूहळू लव होत जाते. तेव्हा बाईच्या हातावर किंवा लहान मुलाच्या पाठीवर असते ती लव, आणि पुरुषाच्या छातीवर किंवा पोटऱ्यांवर असतात ते केस. दोन्ही शब्द हवेत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

रोम आणि लोम मात्र एकच. संस्कृतातच ‘रोमन्’ आणि ‘लोमन्’ अशी दोन रूपं आहेत, र आणि ल यांची अदलाबदल तिथे नेहमीची. ‘हातावरचे रोम वाढलेत’ असं मराठीत कुणी बोलत नाही. रोम राहिला तो रोमारोमात, रोमकूप, रोमहर्षक यांत, आणि लोम राहिला अनुलोम-विलोमात.

हा ‘अनुलोम’ थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ ‘केसांच्या दिशेने’, आणि प्रतिलोम म्हणजे केसांच्या उलट. श्वास, क्रम, विवाह हे अर्थ नंतरचे. मूळ अर्थ आजही रोज उपयोगी पडतो. अभ्यंगाचं तेल अनुलोम जिरवतात, उटणं प्रतिलोम चोळतात. पार्लरमध्ये वॅक्स लावतात अनुलोम आणि पट्टी ओढतात प्रतिलोम, त्वचेला समांतर. पट्टी सरळ वर उपसली की केस मुळाशी न निघता मधेच तुटतो आणि पुढे कातडीखाली वळून पुटकुळी येते. केस पाचेक मिलिमीटर तरी हवा, त्याहून आखूड असेल तर वॅक्स धरत नाही. दाढी करताना दोनतीन मिनिटं कोमट पाण्याने केस मऊ करावेत आणि पहिला हात अनुलोमच फिरवावा. फक्त ही दिशा सगळीकडे सारखी नसते. दंडावरचे केस खाली कोपराकडे झुकतात, मनगट ते कोपर या भागातले वर कोपराकडे, हे डार्विनने १८७१ मध्येच नोंदवलं होतं. गळ्यावर तर भोवरेही असतात. उजेड बाजूने पडेल असं उभं राहून आधी बोट फिरवून पाहावं : गुळगुळीत लागेल ती अनुलोम दिशा, खरखरीत लागेल ती प्रतिलोम.

आता काटा. जवळपास प्रत्येक रोमकूपाला एक इवलासा स्नायू तिरका चिकटलेला असतो. तो आपल्या इच्छेने हलत नाही. थंडी, भीती किंवा उत्कट भावना यांनी तो आखडतो, केस ताठ होतो आणि भोवतीची कातडी उंचावते. दाट अंगकेस असलेल्या प्राण्याला यामुळे ऊब मिळते, कारण उभ्या केसांत हवा कोंडली जाते. आपल्या लवेत हवा टिकत नाही, तरी स्नायू आपलं काम करतोच. कातडीवर दिसतो तो काटा, अंगातून सरकतो तो शहारा, ताप चढण्याआधी येते ती शिरशिरी, आणि आनंदाने किंवा विस्मयाने होतो तो रोमांच. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा पहाटे गाडीवर अंगावर काटाच येतो, रोमांच नाही. तसाच सामना रोमहर्षक असतो, अपघात नसतो. बातमी लिहिणाऱ्यांनी हे नक्की पाळावं.

उपयोगाचं म्हणाल, तर ऊब गेली तरी स्पर्श राहिला. रोमकूपाभोवती मज्जातंतूंची टोकं गुंडाळलेली असतात, त्यामुळे मुंगी कातडीला टेकण्याआधी केसाला लागली तरी कळतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये स्वयंसेवकांचा एक हात भादरून दोन्ही हातांवर ढेकूण सोडले. केसाळ हातावरचा ढेकूण माणसाला लवकर जाणवला, आणि ढेकणालाही चावायला जागा शोधण्यात जास्त वेळ गेला. भुवया घाम डोळ्यांत उतरू देत नाहीत, नाकातले केस धूळ अडवतात, काखेतले केस कातडीचं घर्षण कमी करतात. दाट अंगकेस नसल्याचा फायदाही मोठा : वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींचा घाम उघड्या कातडीवर चटकन वाळतो आणि अंग थंड होतं.

ओघाने एक समज. रामकुंडावर मुंडन झाल्यावर आठवड्याभराने डोक्यावरून हात फिरवला की टोचतं, म्हणून ‘वस्तऱ्याने केस राठ होतात’ असं म्हणतात. जावळ काढल्यावर केस दाट येतात, हेही त्यातलंच. मूळ कातडीच्या आत असतं, वस्तरा तिथे पोचतच नाही. केसाचं निमुळतं टोक कापलं जाऊन बोथट कड वर येते, ती बोटाला टोचते. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये मोजमाप करून पाहिलं, तेव्हा दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही असंच आढळलं. बाळाचं जावळ न काढताही पुढचे केस वयानुसार जाडच येतात. जावळ हा शब्दही फक्त डोक्यापुरता. गर्भाच्या अंगभर येणारी आणि बहुधा जन्माआधीच गळणारी मऊ लव, जी अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या खांद्यांवर दिसते, तिला ‘गर्भलव’ म्हणावं असं सुचवतो.